परतूर टेसन, पहिली पाच मिनिटं

मल्हारीला जगातली कुठलीही गोष्ट पहिल्या फटक्यात आवडली, असं कधी झालं नाही. चटकन आवडलं तर माणसाची किंमत कमी होते, अशी त्याची पक्की समजूत होती. लग्नात जेवायला बसला तरी वरण पातळ, बुंदी कोरडी, आणि नवरदेवाचा फेटा कुणी बांधला म्हणून चौकशी करायचा. त्याची बायको बेबीनंदा म्हणायची, "ह्यांना सर्गात नेलं तरी म्हन्तेन, दार बराबर न्हाई बसवलं." तिचं काही चुकत नव्हतं.

२००३ साली तो एकोणतीस वर्षांचा होता आणि जालन्यात मस्तगडला काकासाहेबांच्या छापखान्यात कॉम्प्युटरवर बसायचा. लग्नपत्रिका, बारशाच्या पत्रिका, दुकानांच्या उद्घाटनाची पत्रकं, सगळं त्याच्या हातून जायचं. पत्रिका छापून घ्यायला आलेल्या माणसाला तो आधी त्याच्या मजकुरातल्या चुका ऐकवायचा आणि मगच कागद हातात घ्यायचा. दुपारी एक वाजता काकासाहेब जेवायला घरी जायचे, जेवून आडवे व्हायचे आणि तीनला परत यायचे. हे दोन तास मल्हारीचं खरं आयुष्य. त्या दोन तासांत तो छापखान्याच्या कॉम्प्युटरवर बंदुकीचा गेम खेळायचा.

त्या गेममध्ये आपण स्वतः दिसत नाही. समोर फक्त दोन हात आणि बंदूक दिसते, बाकी सगळं आपल्याच डोळ्यांनी बघतोय असं वाटतं. एकट्यानं शत्रूच्या मुलखात शिरायचं आणि एकेक लेवल पार करत जायचं. कॉम्प्युटर दुरुस्त करायला औरंगाबादहून एक मेकॅनिक यायचा, त्यानं ती सीडी दिलेली. सीडीवर मार्करनं 'गेम २' एवढंच लिहिलेलं होतं. गेमचं खरं नाव काय, हे छापखान्यात कुणाला कधीच कळलं नाही, आणि मल्हारीला त्याचं काही वाटतही नव्हतं. लेवलींना नावं त्यानंच दिली. धुक्यातलं मालगाड्यांचं यार्ड होतं, ते 'परतूर टेसन'. खोल्याच खोल्या असलेली मोठी इमारत, ते 'अंबडचं कोर्ट'. अरुंद गल्ल्यांत गच्चीवरून गोळ्या येतात ती लेवल 'मस्तगड'. जंगलातून जीपवर बसून मोठी मशीनगन चालवायची, त्या लेवलीला त्यानं मुद्दाम नाव दिलं नव्हतं. तेवढी तिची लायकी नाही, असं तो म्हणायचा.

आणि ही लायकी तो रोज तीन वाजता जाहीर करायचा. काकासाहेब परत येऊन वसुलीला बाजारात निघाले की मल्हारी अर्ध्या तासाची सुट्टी मागून समोरच्या भिवाच्या हॉटेलात जायचा. तिथं कॉलेजची पोरं, एक-दोन दुकानदार आणि कामधंदा नसलेले बरेच जण बसलेले असायचे. जालन्यात तेव्हा घरोघरी कॉम्प्युटर यायला लागले होते आणि तोच गेम त्याच मेकॅनिकच्या कृपेनं निम्म्या गावात पोचला होता. सगळ्यांना जंगलातली मशीनगन आवडायची. मल्हारी बशीतला चहा फुंकत त्यांच्याकडे असं बघायचा, की एखाद्याला आपल्या आवडीनिवडीची लाज वाटावी.

"दिसला की मार, दिसला की मार, ह्याला लेवल म्हन्तेत?" तो विचारायचा. "ही तर वरात झाली. वाजवत जायचं आन् वाजवत यायचं. त्या जीपवर म्हैस बशिवली तरी लेवल पार व्हईल."

"मंग चांगली कोनती?" कुणीतरी हसत विचारायचं. उत्तर सगळ्यांना पाठ होतं.

"परतूर टेसन. त्यात पयली पाच मिनटं गोळीच सुटत न्हाई. ज्याच्या अंगात दम हाय त्यानंच खेळावी. बाकीच्यांनी जीपवर बसावं."

मग तो धुकं कसं आहे, दोन पहारेकरी कंदील घेऊन कसे उलटसुलट फिरतात, कुत्रं कुठं बांधलंय आणि डब्यांच्या मधून कुठल्या वेळी निघायचं, हे सगळं सांगायचा. ऐकणारे अर्धे झोपायचे. तो त्यांना गाढवं म्हणायचा आणि गुळाची चव गाढवाला कळत नाही म्हणून स्वतःची समजूत घालायचा.

एक मात्र खरं, की टेसनाबद्दल बोलताना त्याचा आवाज बदलायचा. मल्हारी अंबड तालुक्यातल्या मेंढपाळांच्या घरातला. लहानपणी, दहा वर्षांचा असताना, तो बापाबरोबर मेंढरं घेऊन परतूरकडे चाऱ्याला गेला होता. पहाटे रुळापलीकडच्या रानात जायचं तर यार्डातून जावं लागायचं, आणि रेल्वेची माणसं मेंढरांना दगड मारायची. बाप चाळीस मेंढरं उभ्या मालगाडीच्या आडोशानं अशी न्यायचा, की एकीच्याही गळ्यातून आवाज निघायचा नाही. पहारेकऱ्याची पाठ फिरली की चालायचं, तो वळायच्या आत थांबायचं. मल्हारी त्याच्या धोतराला धरून चालायचा. पुढे मेंढरं विकली गेली, बाप गेला, मल्हारी जालन्याला टायपिंगच्या क्लासला आला आणि तिथून छापखान्यात. पण चालायचं कसं, हे त्याला कळत होतं. जगातली ही एकच गोष्ट त्याला इतरांपेक्षा खरोखर जास्त कळत होती, आणि तिच्या जिवावर तो बाकीच्या सगळ्या गोष्टींत शहाणपण शिकवायचा.

आता यात एक भानगड होती, ती तो हॉटेलात सांगत नसे. हा एकट्यानं खेळायचा गेम मल्हारी एकटा खेळत नव्हता.

छापखान्यात राधाकिसन नावाचा मशीनवाला होता. मल्हारीच्याच वयाचा, कमी बोलणारा, शाईनं हात कोपरापर्यंत काळे. सीडी आली त्या दिवशी दोघांनाही खेळायचं होतं, कॉम्प्युटर एक होता आणि स्टुलं दोन होती. मल्हारीनं राधाकिसनच्या हातांकडे बघितलं आणि नाक मुरडलं.

"कीबोर्डाला हात लावायचा न्हाई. बटनं काळी व्हतेन. माऊस घे पायजे तर, त्याला पिशवी गुंडाळून."

राधाकिसननं मिठाईच्या दुकानाची एक पातळ पिशवी माऊसला गुंडाळली आणि तो शेजारी बसला. तेव्हापासून वाटणी ठरली. कीबोर्डाची बटणं दाबली की गेममधला माणूस चालतो, थांबतो, वाकतो. ते मल्हारीकडे. माऊस फिरवला की त्याची मान फिरते आणि त्याचं बटण दाबलं की गोळी सुटते. ते राधाकिसनकडे. एकेक बैल असलेले दोन शेतकरी सावड करून औत जुंपतात, तशातली ही गोष्ट. मल्हारी म्हणायचा, "डावं बघ," की राधाकिसन डावीकडे बघायचा. मल्हारी म्हणायचा, "थांब," की राधाकिसन श्वाससुद्धा घ्यायचा नाही. चार वर्षांत दोघांनी गेमची प्रत्येक लेवल एवढ्या वेळा पार केली, की पुढे पुढे मल्हारीनं 'डावं' म्हणायच्या आधीच समोरचं चित्र डावीकडे वळलेलं असायचं.

पण सावडीत कुठला बैल कुणाचा, हे शेतकरी विसरत नाही. मल्हारी विसरला. काही दिवसांनी तो 'आम्ही' म्हणायचा, मग 'मी' म्हणायला लागला. राधाकिसनला त्यानं विचारलं होतं एकदा, "तुला कोनती लेवल आवडती?" राधाकिसन म्हणाला, "कोर्ट." त्यावर मल्हारी हसला.

"कोर्टात काय हाय? दार उघडलं की ठो. दार उघडलं की ठो. तिथं चालायला अक्कल लागती का? तो शत्रू न्हाई, पाव्हना हाय, दाराआड वाट बघत बसलेला."

कोर्टात चालायचं काम कमी आणि नजरेचं काम जास्त. आपल्याला आपल्या हाताचं काम जास्त असलेली लेवल आवडते आणि राधाकिसनला त्याच्या, एवढी साधी गोष्ट लेवलींच्या या महापंडिताच्या डोक्यात चार वर्षांत आली नाही. राधाकिसननं वाद घातला नाही. तो हॉटेलातही येत नसे. "मला च्या चालत न्हाई," म्हणायचा आणि मल्हारी तिकडे व्याख्यान देत असताना इकडे छापखान्यातच थांबायचा.

दसऱ्याच्या आधी दहा-बारा दिवस रामराव छापखान्यात आले. रामराव जवळच्या गावचे मोठे बागायतदार, आता शहरात राहणारे, नव्या धंद्याच्या शोधात असलेले. त्यांनी कापसाचं एक जुनं गोदाम घेऊन त्यात आठ कॉम्प्युटर मांडले होते, गेम खेळायला. दसऱ्याला उद्घाटन. त्याची पत्रकं छापायची होती. ते आले तेव्हा पावणेतीन वाजले होते. परतूर टेसन नुकतंच पार झालं होतं, पडद्यावर आगगाडी धूर सोडत निघाली होती, आणि राधाकिसन मागच्या मोरीत हात धुवायला गेला होता.

रामराव पडद्याकडे बघत राहिले. "ही गाडी निघाली म्हंजे? पार झालं? आमच्या पुतन्याला दोन मह्यने झाले, ह्या गाडीपशी जाता येईना त्याला."

"पुतन्या पळत असंल," मल्हारी म्हणाला. "पळनाऱ्याचं काम न्हाई ते."

"तुमी एकटेच खेळता?"

मोरीतलं पाणी बंद झालं. राधाकिसन दारात येऊन उभा होता, हात पुसत. मल्हारीला तो दिसला. त्याला दोन शब्द बोलायचे होते, फक्त दोन. 'आम्ही दोघं.' जीभ काही झिजली नसती.

"एकटाच," मल्हारी म्हणाला.

रामरावांना मॅनेजर हवा होता. पोरं अडली की पुढे जाऊन लेवल पार करून दाखवेल, असा. माणूस म्हणून रामराव साधे होते, पण व्यवहाराला पक्के. "उद्या अकराला या गोदामावर. माझ्यासमोर एवढं टेसन करून दावा, एकट्यानं. मंग दसऱ्यापासून खुर्ची तुमची."

ते गेल्यावर राधाकिसन सरळ आपल्या जागेवर गेला. त्यानं मशीन चालू केलं आणि संध्याकाळपर्यंत बंद केलं नाही. मल्हारीला वाटलं, बरं झालं, मशीनच्या आवाजात ऐकू गेलं नसेल. मशीन तेव्हा बंद होतं, हे त्याला माहीत होतं. तरीही त्याला तसंच वाटलं. माणसाला सोयीचं वाटायला फार कष्ट पडत नाहीत.

घरी जाऊन त्यानं बेबीनंदाला सांगितलं. ती पोळ्या करत होती. "मॅनेजर?" ती म्हणाली. "तुमी मान्सायला शिकवनार? तुमी तर शिव्या देता."

"तुला कळत न्हाई त्यातलं."

"मला न्हाई कळत. पन त्या राधाकिसनला घेऊन जानार का? ते सोबत ऱ्हायले की तुमी बरे ऱ्हाता."

"त्याचं काय काम हाय तिथं? त्यो बटन दाबितो. बटन तर मी बी दाबितो, रोज पत्रिकेवर गनपती कोन बसवितं? माऊसनंच बसवितो ना?"

बेबीनंदाला यातलं काही कळलं नाही, पण नवरा इतका खूश कधी दिसला नव्हता म्हणून तिनं रात्रीच्या आत गल्लीत चार घरी सांगून टाकलं. झालं. आता मागे फिरायला वाट उरली नाही. खरं तर त्याला मागे फिरायचंही नव्हतं. मल्हारीला छापखाना नकोसा झाला होता. दुसऱ्यांची लग्नं, दुसऱ्यांची बारशी, दुसऱ्यांची दुकानं, आणि सगळ्यांत खाली बारीक अक्षरात छापखान्याचं नाव, त्यातही याचं नाव नाही. एका जागी तरी चार माणसांनी म्हणावं, की हे फक्त मल्हारीला जमतं. एवढीच त्याची भूक होती, आणि ती खोटी नव्हती.

सकाळी त्यानं आणखी एक शहाणपणा केला. गोदामावर जायच्या आधी तो काकासाहेबांकडे गेला आणि नोकरी सोडली. नुसती सोडली असती तर ठीक. त्यानं काकासाहेबांना त्यांचा छापखाना समजावून सांगितला. कागद हलका वापरता, टाईप जुने, गिऱ्हाइकाला तारीख देता ती पाळत नाही, आणि आठ वर्षांत एकदा तरी 'मल्हारी, काम चांगलं झालं' म्हणालात का, वगैरे. काकासाहेब चष्मा पुसत सगळं ऐकत राहिले.

"झालं का?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"मंग ये आता. राधाकिसन, रामरावांची पत्रकं बांधून ठिव. अकराला पोचव."

गोदामाच्या भिंतींना रामरावांनी काळा रंग दिला होता. मल्हारी दारातच म्हणाला, की हा रंग चुकला, पोरांना गोठ्यात शिरल्यासारखं वाटेल. रामरावांनी ऐकून घेतलं. त्यांच्याबरोबर त्यांचे तीन स्नेही प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून बसले होते, एखादी बैलजोडी पारखायला बसावं तसे. मल्हारीनं चाकांच्या खुर्चीला नावं ठेवली, पडद्याच्या उंचीला नावं ठेवली, आणि मग बसला. डावा हात कीबोर्डावर. उजवा माऊसवर. परतूर टेसन सुरू झालं.

धुकं. उभ्या मालगाड्या. लांब दोन कंदील.

पहिली आठ पावलं त्याला झोपेतही आली असती. तो चालला, पहिल्या डब्याच्या आडोशाला थांबला. आता डावीकडे वळायचं होतं. त्यानं माऊस सरकवला आणि पडद्यावर आभाळ आलं. त्यानं माऊस मागे ओढला तर स्वतःचे बूट दिसले. पत्रिकेच्या कोपऱ्यात गणपती बसवताना घाई नसते; गणपती कुठं पळून जात नाही. इथं पाय चालत होते तेव्हा मान भलतीकडे होती, आणि मान सरळ करावी तर पाय थांबत होते. कुत्रं भुंकलं. कंदील वळला. मल्हारी मेला.

"माऊस खराब हाय," तो म्हणाला.

रामरावांनी शेजारच्या कॉम्प्युटरचा माऊस काढून लावला. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण त्या चौघांनाही येत होती, पण ते भले लोक होते. मल्हारी दुसऱ्यांदा मेला. या वेळी त्याला गोळी कुणी घातली तेही दिसलं नाही, कारण तो रुळाकडे बघत होता. टेबल उंच आहे म्हणाला. तिसऱ्यांदा तो फार जपून चालला. कंदील जवळ आला, पाठ वळली, आणि मल्हारी बरोबर त्या क्षणाला निघाला. ती वेळ जालना जिल्ह्यात त्याच्याइतकी कुणाला कळली नसती. तो दोन डब्यांच्या मधल्या फटीपाशी पोचला आणि मोठ्यानं म्हणाला,

"डावं बघ."

कुणीच डावीकडे बघितलं नाही. पडद्यावर डब्याचं तपकिरी लाकूड होतं, नाकाला लागेल इतकं जवळ.

"आमाला म्हन्ता का?" रामरावांनी विचारलं.

मल्हारीनं कीबोर्डावरचा हात उचलला. चार वर्षं आपण चाललो खरे, पण कुठं चाललो ते दुसराच बघत होता. 'डावं बघ' म्हटलं की बघणारा शेजारी बसलेला असायचा, आणि ज्याला आपण बटन दाबणारा म्हणत होतो तो आपली मान होता. हे त्याला तिथं, चार लोकांपुढे, डब्याला तोंड लावून उभा असताना कळलं. मागून गोळी आली तेव्हा त्याला बरंच वाटलं.

याच वेळी राधाकिसन पत्रकांचे गठ्ठे घेऊन आत आला. त्यानं गठ्ठे खाली ठेवले, पडदा बघितला, मल्हारी बघितला आणि परत जायला वळला.

"ओ प्रेसवाले," रामरावांनी हाक मारली. ते वैतागले होते, गंमत करायची म्हणून त्यांनी विचारलं, "तुमाला येतं का हे?"

राधाकिसननं मल्हारीकडे बघितलं. "थोडं थोडं," तो म्हणाला.

मल्हारी उठला. खोटं कशाला बोला, त्याला आतून थोडा गारवा वाटला. हाही पडेल. याला मान वळवता येते, पण याला पाय कुठं आहेत? आपण पडलो तर पडलो, एकट्याला ते येतच नाही असं तरी सिद्ध होईल. तोंडघशी पडलेल्या माणसाला शेजारी कुणीतरी पडलेलं हवं असतं.

राधाकिसननं पँटला हात पुसले आणि बसला. डावा हात त्यानं कीबोर्डावर ठेवला. बोटं जिथं ठेवायची तिथंच ठेवली.

आणि तो चालला. आठ पावलं, डब्याचा आडोसा, थांबला. कंदील जवळ आला, पाठ वळली, आणि तो निघाला. मल्हारीला ती चाल ओळखू आली. ती त्याची होती. कुठं वाकायचं, कुठं दोन श्वास जास्त थांबायचं, कुत्र्याला चाहूल लागू नये म्हणून कुठून लांबचा फेर घ्यायचा, सगळं त्याचं. राधाकिसन त्यात एक पाऊलसुद्धा इकडचं तिकडं करत नव्हता.

तीन मिनिटं झाली. गोळी सुटली नव्हती. एका स्नेह्यानं जांभई दिली.

"ह्यो मारनार कधी?" रामराव म्हणाले. "नुस्ता लपून राह्यलाय. असल्यानं पोरं थांबतेन का? ऱ्हाऊ द्या हो. ती जीपवाली लावा. ज्याला जीप जमती तो बी चालंल मला."

राधाकिसनचा हात थांबला. मल्हारी खुर्चीमागे उभा होता. आता तो काही बोलला नसता तर राधाकिसन उठला असता, जीप लागली असती, आणि जीप तर कुणालाही जमते, मल्हारीलाही. बिनडोक लेवल, सरळ रस्ता, मोठी बंदूक. नोकरी अजून हातात येण्यासारखी होती. गल्लीतली चार घरं, बेबीनंदा, काकासाहेबांना ऐकवलेली ती सगळी वाक्यं, सगळं त्याच्या डोळ्यापुढून गेलं.

"गप बसा की जरा!" तो ओरडला.

रामरावांना त्यांच्याच गोदामात असं कुणी बोललं नव्हतं.

"जीप म्हने! तुमाला समोर काय चाललंय ते दिसून राह्यलंय का? तो कंदीलवाला बघा. त्याला वाटतंय हितं कुनीच न्हाई. त्याच्या पाठीमागं चार हातावर मानूस उभा हाय आन् त्याला पत्ता न्हाई. गोळी मारायला काय लागतं? कुनीबी मारतं. न मारता चार हातावर उभं ऱ्हाऊन दावा! आन् आता बघा, ती वरची केबिन. तिथं एक हाय. तेवढ्या एकालाच मारायचं, गाडीनं शिट्टी दिली की, म्हंजे आवाज त्या शिट्टीत जातो. तवर श्वास घ्यायचा न्हाई. कळलं का? बघा आता. डोळे फाडून बघा."

चौघांनीही खुर्च्या पुढे ओढल्या. राधाकिसन सहा डबे ओलांडून गेला, एक पहारेकरी त्याच्या अंगावरून गेल्यासारखा गेला, आणि जांभई देणारा स्नेही "अरे अरे अरे" म्हणत उठून उभा राहिला. शिट्टी झाली. एकच गोळी. केबिनवरचा माणूस कठड्यावर वाकला. आगगाडी धूर सोडत निघाली.

"वा!" रामराव म्हणाले. "बिलकुल बराबर!" त्यांना लेवल कळली की नुसती गाडी निघाल्याचा आनंद झाला, हे सांगता येत नाही, मल्हारीच्या मते गाडीचाच. त्यांनी राधाकिसनच्या पाठीवर हात ठेवला. "दसऱ्यापासून या तुमी."

राधाकिसननं मान वळवून मल्हारीकडे बघितलं.

"माझ्याकडं काय बघून राह्यलास?" मल्हारी म्हणाला. "घे. ह्यांच्यातल्या एकाला बी काही कळत न्हाई. एक तरी कळनारा मानूस पायजे हितं."

राधाकिसननं नोकरी घेतली. का घेऊ नये? आठ वर्षं तोही त्याच मशीनपुढे उभा होता.

मल्हारी बाहेर येऊन पायरीवर थांबला. थोड्या वेळानं राधाकिसन बाहेर आला, सायकलीला बांधलेली रिकामी दोरी सोडायला. दोघांना एकमेकांकडे बघता येत नव्हतं.

"पाय कवा शिकलास?" मल्हारीनं विचारलं.

"तू भिवाकडं जायचास तवा. हात रॉकेलनं धुऊन बसायचो."

"चार वर्सं?"

"पयल्या सालीच आलं."

"सगळं? टेसन बी?"

"टेसन बी. कोर्ट बी."

मल्हारीनं हिशोब केला नाही, पण त्याला कळलं. म्हणजे आपण समोरच्या हॉटेलात ज्या लेवलींवर बोलत होतो, त्या हा त्याच वेळी खेळत होता. आणि दुसऱ्या दिवशी एक वाजता पुन्हा शेजारी येऊन माऊस तेवढा धरत होता. त्याला राग आणायचा होता, पण आला नाही.

"मंग अर्धं कशाला खेळायचास माझ्यासंगं? सांगायचं ना, मला येतं म्हनून. मी न्हाई न्हाई ते बोलत ऱ्हायलो तुला."

राधाकिसननं दोरीची गुंडाळी करून कॅरियरला अडकवली. "एकट्याला टेसनात करमत न्हाई रं," तो म्हणाला.

आतून रामरावांनी हाक मारली आणि तो आत गेला. मल्हारीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि आजूबाजूला कुणी बघत नाही ना, एवढं बघून त्यानं ते बाहीला पुसलं. मग तो मस्तगडाच्या रस्त्याला लागला. काकासाहेबांना काय म्हणायचं, ते तो मनात जुळवत होता. चढ संपेपर्यंत त्यानं पाच-सहा वाक्यं जुळवली आणि सगळी खोडली. एकही त्याला धड वाटेना.